आपल्याच बुद्धीवर

मराठी ख्रिस्ती घरांत एक वचन हमखास दिसतं. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातलं: ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको.’ ते कॅलेंडरवर असतं, लग्नात आहेर म्हणून आलेल्या फ्रेममध्ये असतं, दहावीच्या पेपरला निघालेल्या नातवाला आजी तेच म्हणून दाखवते. (नातू त्यातला दुसरा भाग जरा जास्तच मनावर घेतो, ते सोडा.)

मला या वचनाचा पूर्वीपासून थोडा धाक वाटत आलाय. आपल्या बुद्धीवर विसंबायचं नाही, बरं. देवावर विसंबायचं, तेही मान्य. पण देवाचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं कसं? बहुधा कुणाच्या तरी तोंडून. भक्तिसभेत एखादे काका उठतात, डोळे मिटून म्हणतात, ‘प्रभूनं माझ्या मनात घातलंय.’ त्यावर आमेन होतं आणि विषय तिथेच संपतो. प्रभूनं घातलेल्या गोष्टीला पोटप्रश्न कोण विचारणार? कुणी विचारलाच, तर मायेनंच सांगतात, ‘बाळा, आधी नम्र हो.’

नम्र होणं आणि गप्प बसणं यांची आमच्या मंडळ्यांमध्ये इतकी वर्षं सरमिसळ झाली आहे की त्या दोन गोष्टी वेगळ्या काढायला मला पंडिता रमाबाईंच्या पत्रांपर्यंत जावं लागलं. सिस्टर जेराल्डिन या इंग्लंडमधल्या जोगिणीनं, म्हणजे ननं, जपून ठेवलेला हा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं छापला. पत्रं इंग्रजीत आहेत. वाचायला बसले ती ‘थोर समाजसुधारक’ वाचायला, आणि भेटली पंचविशीतली, कानानं कमी ऐकू येणारी, पदरात लहान मूल असलेली, परक्या देशात दुसऱ्यांच्या आश्रयाला राहून त्यांच्याशीच कडाकडा भांडणारी एक विधवा.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, समाजाचा रोष घेतला, आणि पुढे कुटुंबासह तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडले. रमाबाईंनी आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या आत्मकथनात, त्या दिवसांबद्दल लिहिलंय. देवाचा कौल मिळावा म्हणून उपास केले, दानं दिली, पोथ्यांत सांगितलेलं सगळं केलं. मग 1870 च्या दशकातला मद्रास इलाख्याचा दुष्काळ आला, आणि वडील, आई, थोरली बहीण असे एकामागून एक गेले. जाताना वडिलांनी या धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी पुढे धर्म बदलला तरी हे बोलणं टाकलं नाही. उलट वडिलांची आज्ञा आपण पाळतोय, अशाच भावनेनं त्या ती आठवण सांगतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. धर्मांतराच्या गोष्टी सांगताना आपण ‘आधीचं’ आणि ‘नंतरचं’ यांच्यामध्ये भिंत घालतो. रमाबाईंनी ती घातली नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत.

1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. दोन वर्षांतच नवरा गेला. पुण्याला येऊन आर्य महिला समाज काढला, आणि 1883 मध्ये वैद्यकी शिकायला म्हणून त्या लेकीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या. कान साथ देईनात, म्हणून वैद्यकी राहूनच गेली.

तिथं वाँटेज गावी ज्या जोगिणींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांनी त्यांना लंडनजवळच्या फुलममधला आपला आश्रम दाखवला. समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथं सांभाळत होते. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. हाच येशू आपल्या देशातल्या बायकांना वर काढू शकेल, असं तेव्हा वाटल्याचं त्या लिहितात.

ही गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकलीय, आणि ती नेहमी एका पापी बाईच्या पश्चात्तापाची गोष्ट म्हणूनच ऐकलीय. पण अध्याय उघडून बघा. भर दुपारी विहिरीवर आलेल्या त्या बाईकडे येशू पाणी मागतो. मागणारा तो आहे. आणि ती काय करते? घडा पुढे करून पाया पडते का? छे. ती विचारते, तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी कसं मागता? (यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत.) मग म्हणते, पोहरा नाही, विहीर खोल आहे, कुठून आणणार ते तुमचं जिवंत पाणी? आमच्या बापानं, याकोबानं, ही विहीर दिली, त्याच्यापेक्षा तुम्ही मोठे का? पुढे तर थेट वादाचाच मुद्दा काढते: उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात? शुभवर्तमानांत येशू एकट्या माणसाशी इतका वेळ क्वचितच बोललेला आहे. एकाही प्रश्नावर तो तिला ‘आधी नम्र हो’ म्हणत नाही. पाणवठ्याचा विटाळ माहीत असलेल्या एका ब्राह्मण घरच्या मुलीला, जिला स्वतःलाच प्रश्न विचारायची खोड होती, हीच गोष्ट भिडावी यात मला नवल वाटत नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडंच आधी, सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथं आत्महत्या केली होती. चरित्रकार या जागी अडखळतात, आणि अडखळावंच. दोन घटना इतक्या जवळजवळ आहेत की घाईनं निष्कर्ष काढणाऱ्या दोन्ही बाजूंची सोय होते.

बाप्तिस्म्यानंतर खरी पत्रं सुरू होतात. अथनासियसचा मतांगीकार, म्हणजे चर्चनं ठरवून दिलेली विश्वासाची कबुली, का म्हणायचा? त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मी कोणत्या आधारावर मानायचं? जोगिणींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या लोकांना ती कळणार नाहीत. आमचे ब्राह्मण संस्कृतला पवित्र मानतात तसं तुम्ही लॅटिनला मानता का? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी मुलग्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा तर त्या उसळल्या: माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानं जी हरकत घेतली नाही, ती घेणारे तुम्ही कोण? मे 1885 च्या एका पत्रात त्यांनी साफ लिहिलं की मोठ्या कष्टानं मी आमच्याकडच्या पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून उतरवलंय, लगेच तसलंच दुसरं घ्यायची माझी तयारी नाही.

सिस्टर जेराल्डिननी यावर काय म्हणावं? हेच, की तुझ्यात गर्व आहे, हट्ट आहे, नम्रता नाही. वाचताना मला हसू आलं. एकोणिसाव्या शतकातलं वाँटेज आणि आमच्या गल्लीतली भक्तिसभा, शब्द तेच.

पण जेराल्डिनना खलनायिका करून मोकळं होणं सोपं आहे. त्या बाईंनी मनोरमेवर आईसारखी माया केली, आणि स्वतःला ओरबाडणारी ही पत्रंही फाडली नाहीत, पुढच्यांसाठी नीट लावून ठेवली. त्यांना मनापासून वाटत होतं की देवाचा मार्ग चर्चमधून, बिशपांमधून, ठरलेल्या पायऱ्यांनीच येतो. त्या पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं चढली आहेत हेही खरं. एकट्यानं देवाशी परभारे बोलणाऱ्यांचं कधीकधी काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे.

रमाबाईंचं म्हणणं एवढ्यावर संपलं असतं, तर त्या फक्त एक बाणेदार बाई ठरल्या असत्या आणि मी हा लेख लिहिला नसता. गाठ पुढे आहे. 1889 मध्ये मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, निघालं. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. अमेरिकेतल्या मंडळानं दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलं होतं. संस्था पुण्याला आली, नाव झालं. आणि नेमक्या त्या काळात, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर, रमाबाईंना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांचे स्वतःचे शब्द आहेत, 1907 च्या साक्षीतले. त्या सांगतात की आपण अभ्यास करून, तोलून मापून धर्म पत्करला होता. आता मात्र पुस्तकी उत्तरं पुरेनात. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन तेव्हा त्यांच्या हाती आलं. तो तर अनेक वर्षं पाळकपण करून, स्वतःच्याच चर्चमध्ये, स्वतःचाच उपदेश चालू असताना पालटला होता. म्हणजे पुलपिटवर उभं राहूनही माणूस बाहेरच असू शकतो. हे वाचून रमाबाई हादरल्या असणार. त्यांचं पुलपिट तर केवढं उंच होतं! सरस्वती ही पदवी, तीन खंडांतली कीर्ती, आणि रानडे-भांडारकरांचं सल्लागार मंडळ.

तेव्हा त्या वाकल्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तोपर्यंत सांगणाऱ्या सगळ्यांना त्यांनी परत पाठवलेलं होतं. माझ्याच्यानं होत नाही, मला कळत नाही, हे त्यांनी एकटीनं, देवासमोर कबूल केलं. ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको’ हे वचन मला पहिल्यांदा धाक न वाटता वाचता आलं ते इथं. ज्या बाईनं आपल्या बुद्धीचा शेवटचा कणसुद्धा वापरून पाहिलाय, तिनं ते म्हणावं. ज्याला बुद्धी वापरूच दिली नाही, त्याच्या गळ्यात हे वचन बांधणं निराळं.

आणि मार्ग दिसल्यावर काय झालं? सुख लागलं असं मुळीच नाही. त्या पहाटे प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठलं, ‘केसरी’नं झोडपलं, सल्लागार मंडळानं अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. दार लावून घ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच गैर नव्हता. विश्वासानं सोपवलेल्या विधवा मुली होत्या, धर्माबाबत तटस्थ राहण्याचा करार होता. मी त्या पालकांच्या जागी असते तर बहुधा मीही मुलीला घरी आणलं असतं. रमाबाईंनी मात्र दार उघडंच ठेवलं.

इथं मी माझं थोडं सांगते, कारण हे सगळं मी अभ्यास म्हणून वाचत नव्हते. आमच्या मुलीनं एका हिंदू मुलाशी लग्न करायचं ठरवलं, आणि घरात रात्रंदिवस तोच विषय. प्रार्थना मंडळातल्या बायका आल्या, प्रेमानं आल्या. प्रत्येकीजवळ एकेक वचन. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं ‘विजोड होऊ नका’ तर इतक्या जणींनी ऐकवलं की मुलगी म्हणाली, ‘आई, दारावर लिहून ठेवू का?’ एकीला स्वप्न पडलं होतं. एकीला प्रभूनं स्पष्ट सांगितलं होतं. मला काहीच सांगत नव्हता. मी उपास धरून पाहिला, पहाटे उठून पाहिलं, बायबल कुठंही उघडून बोट ठेवायचा तो लाजिरवाणा प्रकारही करून पाहिला. लेवीय निघालं, त्वचारोगाचे नियम. यावरून कुणी काय समजायचं?

त्या सगळ्या दिवसांत मला एकच गोष्ट परत परत सुचत राहिली, आणि ती इतकी साधी होती की तिला मार्गदर्शन म्हणायचं धाडस होईना: त्या मुलाला अजून आपण जेवायला बोलावलेलं नाही. लग्न करावं की नाही यावर शब्द नाही. फक्त, जेवायला बोलाव. माझे यजमान म्हणाले, ‘हे प्रभूचं कशावरून? तुझंच असेल.’ असेलही. पण माझं असतं तर मला ते आवडलं असतं, आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं. तो आला. चिंचगुळाची आमटी दोनदा घेतली. जेवणाआधी आम्ही प्रार्थना केली तेव्हा हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते पोळीच्या डब्यावर ठेवले. पुढचं पुढे ठरलं, हळूहळू, भांडणांसकट. ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही. मी एवढंच म्हणते की येशूनं शोमरोनी स्त्रीलाही आधी फक्त पाणी मागितलं होतं.

नम्र माणूस थोडकंच मागतो, असाही आपला एक समज असतो. रमाबाईंनी तोही मोडला. 1896 मध्ये लोणावळ्याच्या छावणीसभेला त्या गेल्या, तेव्हा विश्वासात आलेल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. पहाटे रानात बसून त्यांनी देवाकडे मागितलं, पुढच्या सभेपर्यंत या पंधराचा वर्ग कर. म्हणजे दोनशे पंचवीस! सदनात तेवढी जागाही नव्हती. ज्या बाईला हिशोब करून देवाशी बोलायला संकोच वाटत नव्हता, तिला आमच्यातले काहीजण उद्धट म्हणतील. पण मागणारं मूल आईला आकडा सांगतंच.

मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपलं बालपण गिळणारा तो पहिला दुष्काळ आठवून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या, आणि मरणाच्या दारातल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावला घेतलेल्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमाराला तिथं दोन हजारांच्या जवळपास जीव राहत होते. प्रार्थनेला उत्तर मिळालं, असं साक्षीत येतं. हे वाचताना माझ्या घशाशी काहीतरी अडतं. दुष्काळ हे उत्तर? भुकेनं अर्धमेल्या मुलीनं पत्करलेल्या विश्वासाला काय म्हणायचं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारतात, आणि तो आम्हा ख्रिस्ती लोकांनीही स्वतःला विचारायला हवा. रमाबाईंच्या मनात दुष्काळ देवानं धाडला असा हिशोब असेलसं मला वाटत नाही. दुष्काळ आलाच होता. त्यात आपण कुठं उभं राहायचं एवढंच त्यांनी विचारलं असावं. ज्यांना त्यांनी आणलं त्यांत आंधळ्या होत्या, म्हाताऱ्या होत्या, कुणालाच नको असलेल्या होत्या. त्यांना शिवण, विणकाम, शेती, छपाई शिकवली. विहिरी खणल्या. मार्ग दाखव म्हणणाऱ्या बाईला बहुतेक वेळा उत्तर म्हणून काम मिळत गेलं, आणि ते नेहमी आदल्यापेक्षा खालच्या पायरीवरचं. व्याख्यानाच्या व्यासपीठावरून शाळेत, शाळेतून दुष्काळी छावणीत.

रेव्हरंड टिळकांचंही असंच काहीसं. 1895 मध्ये बाप्तिस्मा, नगरला मिशनची नोकरी, कवी म्हणून मान. आणि 1917 मध्ये, पंचावन्नीला आल्यावर, पगार सोडून ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढायला निघाले. दोन वर्षांत गेले. लक्ष्मीबाईंनी तर नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाचेक वर्षं आपलं मन आपल्या गतीनं चालू दिलं आणि मगच ख्रिस्ती झाल्या. नवऱ्यामागून जाणं तेव्हा नम्रतेत आपोआप धरलं जाई, तरीही.

शेवटचं काम रमाबाईंनी घेतलं ते बायबलच्या भाषांतराचं. संस्कृत मुखोद्गत असलेल्या बाईनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं बसून, मुद्दाम साध्या मराठीत ते केलं, कारण प्रचलित भाषांतर खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरं ओळखू लागलेल्या बाईला जड जातं असं त्यांना दिसत होतं. छपाईचे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. मधेच, 1921 मध्ये, मनोरमा गेली. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं चालू ठेवलं, ते संपवलं, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं.

आमच्या चर्चमध्ये ते कधी वाचलं गेल्याचं मला आठवत नाही. मराठी मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर चालत आलं, आणि भिंतीवरचं ते नीतिसूत्रांतलं वचनही त्यातलंच. माझ्याकडे आता दोन्ही आहेत. खरं सांगायचं तर रमाबाईंचं सलग वाचवत नाही; मूळ शब्दाला त्यांनी इतकं धरून ठेवलंय की वाक्य मधेच अडखळतं. हे काम देवानं आपल्याला दिलंय, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मंडळीनं ते घेतलं नाही. यात कुणाचं चुकलं असं मला अजून ठरवता येत नाही, आणि त्या पंधरा-सोळा वर्षांत छापखान्यात वाचायला शिकलेल्या बायकांना कुणी ते विचारलेलं नाही.